चेंबरातून परत न आलेली हाक

भूत, भानामती, करणी... हे शब्द ऐकले की माझं डोकं आजही फिरतं. धम्मदीक्षा घेतल्यावर वडिलांनी घरातले सगळे गंडे-ताईत गोळा करून टाकून दिले, त्या घरात मी वाढलो. म्हणून हे लिहिताना हात अडखळतोय. पण जे घडलं ते सकाळी दहाच्या लख्ख उन्हात, चार माणसांसमोर घडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालन्यात भुयारी गटाराचं छोटं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं, मी त्याचा ओव्हरसियर. डिप्लोमा नवा, त्यामुळे अक्कल जास्त. बाजारामागच्या गल्लीचं घाण पाणी गावाबाहेरच्या नव्या टाक्यांत न्यायचं, गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी शेतांना सोडायचं — असं ते काम. टाक्या तयार होत्या, पण एका चेंबरात लाइन तुंबली आणि लोकांच्या अंगणात मैला आला. अख्खी गल्ली माझ्या नावानं शंख करत होती.

चेंबर पंधरा फूट खोल. उतरणार होता कचरू — माझ्याच वयाचा, घरी दोन महिन्यांची मुलगी. आत कंदील सोडला, तो छान जळत राहिला. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

पण आमचे मुकादम इस्माईलचाचा यांची एक पद्धत होती. उतरणाऱ्यानं आधी वाकून आत स्वतःच्या नावानं हाक मारायची. नाव घुमून परत आलं की उतरायचं. मला तो निव्वळ टाइमपास वाटायचा. कचरूनं हाक मारली.

काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा मारली. चाचांनी मारली. शेवटी वैतागून मीच वाकलो आणि माझं नाव ओरडलो... आवाज कापसाच्या ढिगात गेल्यासारखा गेला. आठच दिवसांपूर्वी याच चेंबरात नुसतं खोकलं तरी घुमत होतं. अंगावर काटा आला, आणि त्याचाच मला राग आला.

"कंदील जळतोय ना? मग हवा चांगली आहे. उतर."

चाचा चेंबरच्या तोंडावरच बसले. "साब, कंदील बराबर हाय. पण ज्या दिवशी आवाज परत येत न्हाई, त्या दिवशी माणूस बी येत न्हाई. मला कामावरून काढा, याला मी सोडणार न्हाई."

त्यांनी गल्लीतून एक कोंबडी मागून आणली, टोपलीत घालून खाली सोडली. थोड्या वेळानं वर ओढली तर तिनं मान टाकली होती. शेजारचा कंदील मात्र जळतच होता. कचरूनं ती उचलून बाजूला ठेवली. माझी त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

मागची-पुढची सगळी झाकणं दिवसभर उघडी ठेवली. दुसऱ्या सकाळी कचरूनं हाक मारली, नाव खणखणीत वर आलं. कमरेला दोर बांधून तो उतरला, लाइन मोकळी करून वर आला आणि पाणी टाक्यांकडे धावलं.

विषारी वायू होता, कबूल. त्यानं कंदील विझेलच असं नाही, हे मी नंतर शिकलो. पण वायू आवाज गिळत नाही. फिजिक्सच्या एका प्राध्यापकांना विचारलं — ते आधी हसले, मग विचारात पडले, मग म्हणाले, सांगता येत नाही.

लाइन मोकळी झाली त्या संध्याकाळी चहा पिताना मी चाचांना विचारलं, असं आधी कधी झालं होतं का?

"एकदा. दुसऱ्या गावी. माझा सख्खा भाऊ उतरणार व्हता. आवाज आला न्हाई, हे मला कळलं व्हतं." चाचांनी कप खाली ठेवला. "पण तिथले साब वरडत व्हते. मंग मी गप बसलो."

आवाज कुठे गेला होता, ते मला आजही ठाऊक नाही. त्यानंतर मी साइटवर कुणाला उतरायला सांगितलं नाही. हाक मारून झाली की मी चाचांकडे बघायचो. त्यांनी मान डोलावली, तरच माणूस उतरायचा.