शेवटच्या डब्यावरचा माणूस

या सदरातले अनुभव मी चार-पाच वर्षं नियमित वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चहा पिता पिता हसलोय. भूतबित, संकेत, दृष्टांत... आपला काही संबंध नाही. मिरजेत असताना मित्र ज्या चिंचेखालून पळत सुटायचे, तिथे मी मुद्दाम थांबून बुटाची लेस बांधायचो. आता जर्मनीत हॅनोव्हरला सेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, म्हणजे मोजता येत नाही ते नाहीच, असं म्हणण्याचा मला पगार मिळतो. तेव्हा आज हसायची पाळी तुमची. हसा, पण आधी पूर्ण वाचा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मालगाडीवर गार्ड होते. मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असायचा, ब्रेकव्हॅन, त्यात आयुष्य गेलं. आम्ही राहायचो रुळांना लागून असलेल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. अण्णा महिन्यातले निम्मे दिवस घरी नसायचे. त्यांची गाडी मागून जाणार असली की आई मला कुंपणाशी उभं करायची. गाडी स्टेशनातून किंवा फाटकावरून जाते तेव्हा तिथल्या माणसाने आणि गार्डने एकमेकांना 'ऑलराइट' दाखवायचं, असा रेल्वेचा नियम आहे. हातात झेंडा नसेल तर एक हात वर, न हलवता. सगळं ठीक आहे, जा पुढे. मी हात वर धरायचो, ब्रेकव्हॅनमधून पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या गणवेशातले अण्णा हात वर धरायचे. बऱ्याच आठवड्यांत आमची भेट म्हणजे एवढीच. आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे केले तर त्याचा अर्थ एकच... थांबा. असला पोरखेळ करायचा नाही, हे अण्णांनी मला एक धपाटा घालून शिकवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. आई आधीच गेलेली. मिरजेत ताई आणि दाजी त्यांचं सगळं करतात. मी तेव्हा दहा दिवस जाऊन आलो, आणि मग नाही गेलो. एकदा तिकीट काढलं, प्रोजेक्टमुळे रद्द केलं. दुसऱ्यांदाही तेच. प्रोजेक्टचं निमित्त होतं हो. मला त्यांना तसं पाहवत नव्हतं, हे खरं कारण. मोठ्या आवाजाचा माणूस नुसता बघत बसलेला... मला भीती वाटायची, बस.

त्याऐवजी मी काय केलं, तर मालगाड्यांचे व्हिडिओ पाठवायला लागलो. हॅनोव्हरहून रेगिओनालबानने, म्हणजे इथल्या लोकलने, पाऊण तास आणि पुढे सायकलने सहा किलोमीटर गेलं की एक खेडं आहे, नाव देत नाही. तिथून एका छोट्या खाजगी रेल्वेची एकेरी लाइन जाते. प्रवासी गाड्या कधीच्याच बंद झाल्या. आठवड्यातून दोन-तीनदा खाणीची खडी घेऊन एक मालगाडी येते, शनिवारची साधारण सव्वाअकराला. वेग असा की सायकलवाल्यालाही पकडता येते. मी गावाबाहेरच्या बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर पहिला व्हिडिओ घ्यायचो, मग शेतातल्या आडरस्त्याने पॅडल हाणत पुढच्या धान्याच्या कोठारापाशी गाडीला गाठून दुसरा. दोन्हीकडे बीटाची शेतं आणि वाऱ्याशिवाय कुणी नाही. तसंही शुक्रवारी ऑफिसात 'शोनेस वोखेनएंडे', सुट्टी मजेत जावो, म्हटलं की सोमवारपर्यंत तोंड उघडायचं मला कारण नसायचं. चाळीशी उलटलेला एकटा माणूस, कुणाशी बोलणार? इंजिनाशी?

अण्णांचा एक दंडक होता, शेवटचा डबा पाहिल्याशिवाय गाडी गेली म्हणायचं नाही. म्हणून मी व्हिडिओ शेवटच्या डब्यापर्यंत घ्यायचो आणि सवयीने हातही वर करायचो. इथल्या मालगाडीला गार्ड नसतो, शेवटच्या वॅगनला नुसती एक लाल-पांढरी पाटी. तिला मी ऑलराइट दाखवायचो. ताई सांगायची, व्हिडिओत शेवटचा डबा आला की अण्णाही डावा हात उचलतात. दर शनिवारी. मला तेवढं पुरत होतं, किंवा मी स्वतःला तसं पटवलं होतं.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. तिसऱ्यांदा काढलेलं तिकीट दहा दिवसांवर आलेलं. उरलाउब, म्हणजे रजा, मंजूर होती, बॅग मात्र कपाटावरच. त्या सकाळी गाडीत बसल्या बसल्या मी ताईला मेसेज टाइप केला होता - 'या वेळी जमत नाहीये, मार्चमध्ये नक्की.' पाठवला नव्हता. म्हटलं आधी व्हिडिओ पाठवू, मग हे. म्हणजे जरा गोड लागेल. किती हलकट विचार, पण केला होता.

हवा धुकट होती, तरी शंभरेक मीटर स्वच्छ दिसत होतं. क्रॉसिंगला लागून एक जुनं फाटकवाल्याचं घर आहे, तिथे हेर विल्के नावाचे सत्तरीपुढचे गृहस्थ एकटे राहतात. त्यांची आई तिथेच फाटक सांभाळायची. ते कुंपणाशी झुडूप छाटत होते, मान हलवून आमचा नमस्कार झाला. गाडी आली. लाल इंजिन, मागे खडीच्या वॅगनी. मी कॅमेरा स्टँडवर लावून बाजूला उभा. शेवटची वॅगन समोरून गेली, मी हात वर केला...

वॅगनच्या मागच्या पायरीवर एक माणूस उभा होता. पाठमोरा नाही, माझ्याकडे तोंड करून. चेहरा मला सांगता येणार नाही, धुकं म्हणा, काहीही म्हणा. पण अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. त्या थंडीत! आणि त्याचे दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे होते. हलत नव्हते. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तसाच उभा होता.

मी सायकलकडे गेलो नाही. पाठलाग वगैरे सुचलंच नाही, माझा हात तसाच वर राहिला होता. मग विल्केंना विचारलं, शेवटच्या डब्यावरचा माणूस पाहिलात का? त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, आल्झो, म्हणजे कसंय, गाडीच्या शेवटी माणूस असायचा त्याला जमाना झाला, आई गेल्यावर मीसुद्धा बरीच वर्षं बघत होतो, सवय. आज पाहिला नाही. हसले नाहीत, वेड्यात काढलं नाही. आत येऊन कॉफी घेतोस का, एवढं विचारलं. पहिल्यांदाच. मी नको म्हटलं.

व्हिडिओ तिथेच उभ्याने चार वेळा पाहिला. शेवटची वॅगन स्पष्ट दिसते. पायरी दिसते. पाटी दिसते. माणूस नाही.

मग साहजिकच जे कुणाच्याही मनात येईल ते माझ्या मनात आलं. तिथूनच ताईला फोन लावला. ती म्हणाली, अण्णा ठीक आहेत, आत्ताच चहा पाजला, तुला काय झालं? काही नाही म्हटलं. ती म्हणाली, "तिकिटाचं पक्कं आहे ना रे?" मी म्हटलं, बघतो. हो, ते बघूनसुद्धा मी 'बघतो'च म्हणालो. असा मी माणूस. व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला, पाहिल्याचं एका अक्षरानेही सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत होतो, अडीच वाजले असतील, तिकडे संध्याकाळचे सात. ताईचा फोन. रडत होती, पण आनंदाने.

"अण्णांनी उजवा हात उचलला! अरे, दोन्ही हात वर केले, डोक्यापर्यंत!"

मी विचारलं, कधी? म्हणाली, तुझा व्हिडिओ बघताना. शेवटचा डबा आला तेव्हा. मी आपली डाव्या हाताची वाट बघतेय तर दोन्ही! दाजीही होते, त्यांनीही पाहिलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत खाली घेतले नाहीत.

तिच्या दृष्टीने तो रोज करवून घेतलेल्या व्यायामाचा गुण होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरही म्हणाले, असं होतं कधी कधी. मी फोन ठेवला आणि तो टाइप केलेला मेसेज पुसून टाकला. 

मी गेलो. तीन आठवडे राहिलो. तो उजवा हात पुन्हा एकदाही हलला नाही, डॉक्टरांनी किती करवून घ्यायचा प्रयत्न केला तरी. एके दुपारी ताई बाजारात गेलेली पाहून मी खाटेशी बसलो आणि विचारलं,

"अण्णा, तुम्ही मला थांबवलंत का?"

 डाव्या हाताने त्यांनी उशाशी ठेवलेली चादर बाजूला ढकलली. इतकी जागा केली की मला खाटेवर बसता यावं. मी बसलो. संध्याकाळपर्यंत बसलो. ज्या गोष्टीची दोन वर्षं भीती वाटली ती एवढीशी होती.

निघायच्या दिवशी दाजींनी त्यांना खुर्चीसकट खिडकीशी आणलं. मी रिक्षात बसलो, मागे वळून पाहिलं. डावा हात वर होता, न हलवता. ऑलराइट. मीही धरला. कोपऱ्यावर रिक्षा वळेपर्यंत आमच्या दोघांचे हात वर होते. रिक्षावाला म्हणाला, साहेब, हात आत घ्या.

फेब्रुवारीत अण्णा गेले, झोपेत.

मला याचा उलगडा झालेला नाही. थकवा, धुकं, अपराधी मन... मी स्वतः ही सगळी कारणं तपासली आहेत, आणि माझ्या पायरीवरच्या माणसाला त्यातलं एखादं लागू पडेलही. पण मिरजेत बसलेल्या अण्णांनी, मी कुणालाही न सांगितलेली खूण, न उचलता येणाऱ्या हाताने, त्याच डब्याला का दाखवली? कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

शनिवारी अजून जातो. पुढच्या कोठारापर्यंत पाठलाग मात्र करत नाही, गाडी गेली की विल्केंकडे कॉफी घेतो. व्हिडिओ घेतो, तो पाठवायला आता कुणी नाही. शेवटची वॅगन येते, पायरी रिकामी असते. मी हात वर करतो आणि ती दिसेनाशी होईपर्यंत खाली घेत नाही.