मामाची अदब

माझा मामा ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करतो आणि काम करताना शिव्या देतो. गॅरेजमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नाही. चहाला बोलवायचं तर एक शिवी, काम फक्कड जमलं तर चांगली लांबलचक. घाबरायचं ते मामा अदबीने बोलायला लागला की. रंगकाम करणारा एकदा दुपारीच पिऊन आला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाला, "आपण आता घरी जावं." तो माणूस पुन्हा दिसला नाही. मामाची नात तेव्हा तिथेच जुन्या टायरवर बसून बिस्किट खात होती.

याच नातीने पुढे बालवाडीत एका मुलाचं चित्र बघून त्याचं तोंडभर कौतुक केलं, आजोबांच्या शब्दांत. बाईंनी तिच्या आईला, म्हणजे मामाच्या सुनेला, बोलावून घेतलं.

आता सून घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. तसं झालं नाही. ती मामाला म्हणाली, "बाबा, तुम्ही मायेने बोलता, कळतं मला. माझे वडील हेच शब्द रागाने वापरायचे. अजून कानावर आले की मी दार लावून घेते. हिला ते नकोत."

मामा "बरं" म्हणाला. पूर्वी गल्लीत ज्याला मोकळ्या मनाचा म्हणायचे, त्यालाच हल्ली घाणेरड्या तोंडाचा म्हणतात. माणूस तोच, तोंडही तेच. मला मामाची बाजू घ्यायची होती, पण सुनेचा चेहरा बघून मी तो विचार सोडून दिला.

मामाचे फार हाल झाले. वाक्य सुरू करायचा आणि मध्येच जीभ चावायचा. शेवटी जिच्यात शिवी चुकूनही शिरणार नाही अशी एकच भाषा त्याला सापडली. "आपण दूध प्यावं." "आपण चप्पल घालावी." आम्ही पोट धरून हसलो. तोही खूश होता, जमलं एकदाचं म्हणून.

पोरगी मात्र त्याच्या मांडीवर बसेनाशी झाली. हाक मारली की आईच्या मागे लपायची. मामा वरवर हसायचा, पण त्याचं जेवणातलं लक्ष उडालं होतं.

एका रविवारी मी तिथेच होतो. मामा म्हणाला, "आपण इकडे यावं." ती दारातच थबकली.

"आजोबा, मी काय केलं?"

"काय केलंस म्हणजे?"

"तू असं छान छान बोलतोस. त्या रंगवाल्या काकांशी बोललास, मग ते आलेच नाहीत. मला पण घालवणार?"

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. सुनेने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बाबा, बोला हो तिच्याशी."

"काय बोलू?" मामा म्हणाला. "त्या शब्दांशिवाय मला माया करताच येत नाही गं."

मामा फरशीवर बसला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आयुष्यभराच्या साठ्यात तो काहीतरी चालण्याजोगं शोधत होता.

"गधडे," तो हळूच म्हणाला, "ये इकडे."

पोरीने त्याचं तोंड निरखून पाहिलं आणि धावत जाऊन गळ्यात पडली. मामाने तिच्या डोक्यावरून भीत भीत सुनेकडे बघितलं.

"गधडे चालेल," सून डोळे पुसत म्हणाली.