नजरेला जागा

रविवारची दुपार आहे. जेवण अंगावर आलंय, पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातोय. फोन हातातच आहे आणि मिटणाऱ्या पापण्यांआड अजून तोच फोटो आहे: पद्माताई, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात, हसताना.

उद्या तिचं वर्षश्राद्ध. ताई, माझी मोठी बहीण, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायची, त्यांना न सांगता, आणि कायम कॅमेऱ्यामागे असल्यामुळे स्वतः कुठल्याच फोटोत नाही. तेराव्याला कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केला होता. तो बघून आई म्हणाली, ही माझी पोरगी नव्हे. उरला हा एकच, मी तिच्याच कॅमेऱ्यानं घाईत काढलेला. यात ती डाव्या कडेला चिकटलेली आहे आणि बघतेय डावीकडेच, चौकटीच्या बाहेर.

स्टुडिओवाले शिकलगारभाऊ म्हणतात, "चेहरा तेवढा कापून घेतो आणि डोळे समोर करून देतो. आता कॉम्प्युटरवर होतंय. हाराच्या फोटोतल्या माणसानं घरच्यांकडं बघाय पाहिजे." आईला ते पटलंय. संध्याकाळपर्यंत मला हो म्हणायचंय. मला म्हणता येत नाही. डोळे वळवले की ती कुणाकडे बघून हसत होती हा प्रश्नच पुसला जाईल, आणि त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पंखा थांबतो.

"सरक की तिकडं," ताई म्हणते. मी सरकते. पलंगाची कड दगडी आहे, खाली कोथिंबिरीच्या काड्या पडल्यात, समोर बाजार चाललाय. ताईच्या गळ्यात कॅमेरा आहे. ती गेलीय हे मला माहीत आहे, तिलाही बहुतेक माहीत आहे.

"काय शास्त्रज्ञ, वाळलीस की गं. मेसचं खाऊन?"

"ताई, त्या फोटोत तू कुणाकडे बघत होतीस?"

"कुठल्या? दाखव."

मी फोन पुढे करते. ती डोळे बारीक करते, दुसऱ्यांचे फोटो बघताना करायची तशीच.

"कुणी काढलाय हा? नजरेला जागाच नाही."

"मी."

"वाटलंच मला. एम.एस्सी. झाली, पण माणूस बघतोय तिकडं जरा मोकळं सोडावं एवढं कळंना."

ताईनं मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती: नजरेला जागा ठेव. दुसरी अशी की, नंतर कापायचं नाही. कात्री शिंप्याकडं, आपण नुसतं थांबायचं. मी वाद घालायचे की नको असलेला भाग काढणं म्हणजे मोजमापातला गोंधळ कमी करणं. ती म्हणायची, तो गोंधळ म्हणजे बाजार आहे, लेका.

"सांग ना," मी म्हणते. "कोण होतं डावीकडे?"

"तू सांग. तूच काढलायस."

"मला माहीत असतं तर विचारलं असतं का?"

"मग मला कसं माहीत असंल?" ती अगदी सहज म्हणते. कोल्हापूरच्या पोरींसारखी ती 'आलो, गेलो' असंच बोलायची, आत्ताही तसंच बोलते. "तुझ्याजवळ आहे तेवढाच आहे मी. जादा कुठनं आणू?"

मला हे पटतं, आणि म्हणूनच मी स्वतः बघायला उठते. डावीकडे चालायला लागते. फोटोत अर्धा आलेला तराजू पुढे गेल्यावरही अर्धाच आहे. निळ्या ताडपत्रीच्या पुढे टोमॅटो आहेत, पण त्यांना लाल रंग नाही. त्यापुढे काहीच नाही. अंधार म्हणावा तर अंधारही नाही. इथला प्रकाश कॅमेऱ्यात पोचलाच नव्हता. जे नोंदलंच गेलं नाही ते कुठल्याही गणितानं परत मिळत नाही, हे मी प्रकाशशास्त्रात दोन वर्षं शिकलेय. तरी हात पुढे करून चाचपते.

हाताला टेबल लागतं. विद्यापीठाची काळोखी प्रयोगशाळा, लांब पट्टी, तिच्यावर सरकणारं भिंग. पलीकडच्या टोकाला ताई स्टुलावर बसलीय. मी भिंगातून बघते. चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून भिंग सरकवते, तर तिचे हात जातात. आणखी सरकवते, कॅमेरा जातो. मग कपाळ.

"मागं घे की."

"मागं घेतलं की तू लहान दिसतेस."

"दिसू दे लहान. पुरा तर दिसीन."

मी मागे घेते. ती मुगाच्या दाण्याएवढी होते. तिचा चेहरा ओळखता येत नाही.

आता आम्ही घरात आहोत. दक्षिणेच्या भिंतीवर हाराच्या फोटोसाठी खिळा ठोकलेला आहे आणि ताई त्याच्याखाली पाठ टेकून उभी आहे, उंची मोजायला उभी करायचे तशी.

"असं बघू?" ती विचारते आणि डोळे समोर आणते.

ती सरळ माझ्याकडे बघतेय. तोंड तेच, हसू तेच, पण ते कुणासाठी आहे ते कळत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या जाहिरातीतली बाई बघते तसं.

"नको. नको असं बघू."

"आईला आवडंल."

"मला नाही आवडत."

"मग एक कर," ती म्हणते. "मला कापून टाक. जागा तेवढी ठेव."

"आणि तू?"

"मी तसा पण कुठाय?" एवढं बोलून ती डावीकडे वळते आणि खळखळून हसते, अगदी फोटोतल्यासारखी, कुणालातरी बघून. फोटो काढताना मी तिकडे बघितलंच नव्हतं, या वेळी चुकत नाही. तिच्या नजरेमागोमाग मान झटकन डावीकडे वळवते.

पंखा फिरतोय. डावीकडे भिंत आहे.

अंगठा फोनवर दाबलेला आहे. स्क्रीनवर शिकलगारभाऊंशी चाललेलं बोलणं उघडं आहे आणि त्यात माझ्याकडून एक फोटो गेलाय. झोपेत मी कापलेला: एक अरुंद उभी पट्टी, ताईचा गाल संपतो तिथपासून चौकटीच्या कडेपर्यंतची. निळ्या ताडपत्रीची किनार, उन्हाचा एक तुकडा. ताई नाही.

खाली त्यांचं उत्तर आलंय: "यात माणूस कुठाय ताई?"

मी पट्टी मोठी करते. आणखी मोठी करते. शेवटी नुसते चौकोन उरतात, निळे आणि करडे. त्यांच्यात शोधण्यासारखं काही नाही, तरी एकेक बघते.

"कळवलंस काय गं त्यांना?" स्वयंपाकघरातून आई विचारते. "उद्या सकाळी फोटो पाहिजे. भटजी लवकर येणार हाईत."

"कळवते."

मी लिहिते: चुकून आला तो. चेहराच घ्या. डोळे समोर करा.

लगेच अंगठा वर केलेली खूण येते.