साडूभाऊंचं लिंडेन

आमच्या साडूभाऊंइतका हट्टी माणूस अख्ख्या कतारमध्ये सापडणार नाही, आणि सापडलाच तर दोन दिवसांत तोच यांचं ऐकायला लागेल. रास लफानच्या गॅस प्रकल्पातल्या नोकरीत कंपनीने त्यांना एकदा जर्मनीला ट्रेनिंगला धाडलं. तिथे ते एका लिंडेनच्या झाडाखाली कॉफी प्यायला बसले आणि तिथेच घात झाला. रिटायर होऊन नाशिकला परतण्याआधी इथे अल वक्रातल्या आपल्या घराच्या अंगणात लिंडेन वाढवायचं आणि त्याच्या सावलीत एकदा तरी बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. डेरेदार झाड, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची पानं, हे वर्णन त्यांनी सुरू केलं की आमची मुलं "ओह नो, लिंडेन अगेन!" म्हणत पळ काढायची.

रोप आलं ते गुडघ्याएवढं. सावली देणाऱ्या या झाडाला आधी आम्हीच सावली द्यायची होती. हिरवी जाळी झाली, तिच्यावर त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या ताईंची, जुनी साडी झाली, तरी पानं करपली. मग कुंडी थेट बेडरूममध्ये, एसीसमोर. त्याला उजेड हवा म्हणून रात्रीसुद्धा ट्यूबलाइट चालू, त्यामुळे नवरा-बायको हॉलमधल्या सोफ्यांवर. उन्हाळ्यात ताई भारतात गेल्या, हे हलले नाहीत. "अरे, घरात आजारी माणूस टाकून जातं का कुणी?" असं मलाच सुनावलं.

हिवाळ्यात नवं खूळ. थंडीत गाढ झोपल्याशिवाय या झाडाला पालवी फुटत नाही, असं त्यांनी कुठेसं वाचलं. इथली थंडी स्वेटर मिरवण्यापुरती. म्हणून ओळखीच्या भाजीवाल्याच्या कोल्ड रूममध्ये, कोबी आणि गाजरांच्या मधोमध कुंडी बसली, गळ्यात पाटी: 'विकाऊ नाही'. दर शुक्रवारी हे भेटायला जात. भाजीवाला म्हणे, "साब, सो रहा है. इन्शाल्ला उठेगा." मी एकदा "खलास झालं असेल हो" म्हणालो, तर महिनाभर अबोला.

मार्चमध्ये कुंडी घरी आली. नुसती काडी. साडूभाऊ रिटायर झाले, सामान गेलं, जायचा दिवस उजाडला. दुपारी फोन आला, "अरे, लवकर ये!" मी घाबरून धावलो. रिकाम्या अंगणात, प्रवासाचे कपडे घालून, साडूभाऊ कुंडीशेजारी फरशीवर बसले होते. काडीला एकच पान उमललं होतं, रुपयाएवढं, बदामाच्या आकाराचं. त्याखाली त्यांनी तळहात धरला होता आणि इवलीशी सावली त्यावर पडली होती.

"बसलो रे एकदाचा सावलीत," म्हणाले.

आतून ताई ओरडल्या, "अहो, टॅक्सी आलीय!" त्यांनी हात काही काढला नाही. ड्रायव्हरला जरा थांब म्हणून सांगायला शेवटी मीच बाहेर गेलो.