अर्धा किलो माती

माती तपासणाऱ्या बाईंना लोक रोज फसवायचे आणि बाईंना ते रोज कळायचं. एकवीस वर्षं त्या प्रयोगशाळेत होत्या. शेतकरी कापडी पिशवीतून अर्धा किलो माती आणायचा, बाई ती सावलीत वाळवून, फोडून, चाळून तपासायच्या आणि जमिनीत काय आहे, काय नाही ते कागदावर लिहून द्यायच्या. काम सरळ होतं, पण माणूस सरळ असेल तर ना! रानातल्या सात-आठ जागांची माती एकत्र करून आणा, म्हणून घसा कोरडा करून सांगावं, तर पठ्ठे उकिरड्याशेजारची काळीभोर माती घेऊन हजर. फोटो काढायला नेताना पोराला तेल-पावडर लावतात, त्यातलाच प्रकार. बाई पिशवीत नाक घालायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "दादा, उकिरडा पास झाला. आता शेत आणा."

दुष्काळाचं हे चौथं वर्ष होतं आणि ही लबाडी फारच वाढली होती. बाईंना राग यायचा नाही. ज्याचं रान उघडं पडलंय तो बिचारा आणखी काय करणार, असं त्यांना वाटायचं. सोडायच्या मात्र कुणालाच नाहीत.

अशात एके दिवशी खुद्द बाईंचे वडीलच पिशवी घेऊन आले. वय बहात्तर, अंगात इस्त्रीचा सदरा, चेहरा अगदी साळसूद. त्यांची जुनी लिंबाची बाग दुष्काळाच्या दुसऱ्याच वर्षी वाळून गेली होती. पण म्हाताऱ्याची खुमखुमी काही जाईना. खोल बोअर मारून त्या मचूळ पाण्यावर त्यांनी दोन वर्षं मका काढला आणि आता लिंबाची चारशे रोपं सांगून ठेवली होती. दोन आठवड्यांनी टेम्पो यायचा होता. रिपोर्ट चांगला आला की खड्डे घ्यायचे, एवढंच बाकी होतं.

रिपोर्ट चांगला आला. नको तितका चांगला आला. बोअरच्या पाण्यावर दोन वर्षं भिजलेल्या रानात क्षार नावालाही नाहीत? बाईंनी उरलेली माती कागदावर पसरली आणि भिंगातून बघितली. तपकिरी कण दिसले. चहाचा चोथा! घरामागे, भांडी घासायच्या जागेजवळ आईचा भाजीचा वाफा होता आणि तीस वर्षं घरातला चोथा, साली, देठं तिथेच पडत होती. बाईंना आधी हसू फुटलं. मग ती चारशे रोपं आठवली. असा कागद हातात पडला की त्यावर सगळ्यात आधी बाबांचाच विश्वास बसणार. खाऱ्या जमिनीत लिंबाची पानं कडेने करपत जातात, वर्षभरात झाडाचा खराटा होतो. दुसऱ्यांदा बाग जळाली तर म्हातारा त्यातून उठणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी त्या घरी गेल्या. चपला काढतायत तोवर आईने गाऱ्हाणं मांडलं, की वाफ्यात एवढा खड्डा कुणी केला ते ती आठ दिवस विचारतेय आणि हे म्हणतात, घूस असेल. घूस तेव्हा ओट्यावर बसून आभाळाकडे बघत होती.

बाईंनी कुदळ बाबांच्या हातात दिली आणि त्यांना रानात नेलं. मधोमध जमिनीवर क्षारांची पांढरी खरपुडी धरली होती, पायाखाली करकर वाजत होती. बाबा कुदळ टेकवून उभे राहिले.

"त्या कागदावर माझं नाव येणार," ते म्हणाले. "तुझे साहेब वाचणार. बाईंच्या बापाची जमीन असली निघाली, हे तुझ्या ऑफिसात कशाला व्हायला हवं?"

बाई समजत होत्या, बाबांनी लिंबांच्या हौसेपायी लबाडी केली. केली होती ती लेकीची मान खाली जाऊ नये म्हणून.

"असली माती रोज येते माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आणणाऱ्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. तुम्हाला ठेवीन होय, बाबा?"

बाबांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि कुदळ मारली.

त्याच संध्याकाळी त्यांनी रोपवाटिकेला फोन करून चारशेची चार रोपं केली. ती चारही आईच्या वाफ्याच्या कडेला लागली, कारण तिथला रिपोर्ट आधीच उत्तम आला होता. चार दिवसांनी ते पिशवी घेऊन प्रयोगशाळेत रांगेत उभे राहिले. पुढच्या माणसाच्या पिशवीत डोकावले आणि त्याला म्हणाले, की हा उकिरडा आहे, बाई घेणार नाहीत, उगाच खेप घालू नका. मग आपली पिशवी त्यांनी साहेबांसमोरच टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मधली आहे. पांढरी आहे. माझी आहे."

रिपोर्ट वाईट आला. बोअरचं पाणी बंद करायचं, बांधाकडेने चर काढायचे, हिरवळीचं खत गाडायचं आणि चांगल्या पावसाने क्षार धुऊन निघण्याची वाट बघायची. बाबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"किती वर्षं लागतील?"

"पाऊस झाला तर चार-पाच."

"आणि तुला रिटायर व्हायला?"

"नऊ."

"मग तूच तपासशील," बाबा म्हणाले. त्यांनी रिकामी पिशवी झटकली, नीट घडी घातली आणि पुढच्या वर्षासाठी खिशात ठेवली.