सुमनताईंची रांगोळी

भाऊबीजेच्या संध्याकाळी सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेचं पाचशे एक रुपयांचं पहिलं बक्षीस आम्ही तिघा परीक्षकांनी माझ्या शेजारच्या सुमनताईंना दिलं. विषय होता ‘सामाजिक संदेश’, आणि खाली स्वतःच्या दोन ओळी हव्यात अशी अट होती.

ताईंनी एक बंद दार काढलं होतं. दारापुढे बॅग घेऊन उभी असलेली पाठमोरी मुलगी. खाली लिहिलं होतं:

दार उघड असं कुठं म्हणाले,
येऊ का, एवढंच विचारलं.

‘विषय चांगला घेतलात,’ माझ्याबरोबरचे परीक्षक जोशीकाका म्हणाले, ‘पण सणासुदीला दोन दिवे तरी काढायचे.’

‘दिवे आत लागले होते,’ ताई म्हणाल्या.

सासरच्या छळाला कंटाळून त्यांच्या अनघानं जीव दिला, त्याच्या आदल्या दिवशी तिनं आईला फोन केला होता. ‘जरा सांभाळून घे,’ असं ताईंनी तिला सांगितलं. आम्हीही आमच्या मुलीला हेच सांगितलं असतं. दुसऱ्याच्या घरातलं दुःख मात्र आपल्याला सामाजिक वाटतं. त्याचे आपण फोटो काढतो, त्याला गुण देतो. रांगोळीला पाय लागू नये म्हणून त्या संध्याकाळी सगळे किती जपून चालत होते.

ज्यानं काढली त्यानंच पुसायची, असा आमचा नियम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीचा हॉल उघडून दिला, तेव्हा ताई ओलं फडकं घेऊन नुसत्याच उभ्या होत्या.

‘ताई, मी पुसू का?’

‘नको. आधी दार पुसते.’

दार पुसून झालं. मग खुर्च्या मांडणारे येईपर्यंत ताई त्या मुलीशेजारी फरशीवर बसून राहिल्या.