दोन आवाजांच्या मधे

बैहर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा मी जंगलाकडे कधी कान दिलाच नव्हता. माहेर वारासिवनीचं. मोटारींचे हॉर्न, बाजाराचा गलका, एवढीच माझ्या कानांना सवय. त्यामुळे सरईच्या उंच झाडांखालून चालताना मला सगळे आवाज सारखेच वाटत.

महिन्यातून एकदा लस घेऊन जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, जावं लागे. जीप नाल्याच्या अलीकडे सोडून जाई आणि पुढची तासाभराची वाट पायी. सोबतीला, सगळे जिला मावशी म्हणत, ती बाई असे. गावातली आरोग्याची कामं तीच बघायची. पन्नाशीची, गुडघ्यांनी अधू झालेली. टोल्यावरच्या बायांशी ती गोंडीत बोले, जीपवाल्याशी हिंदीत आणि माझ्याशी आमच्या घरच्या बोलीत. त्यामुळे तिच्याबरोबर मला परकं वाटत नसे.

पाऊस नुकताच सरला होता. सकाळचे दहा वाजले असतील. लसीचा गार डबा माझ्या खांद्यावर होता. झाडाझाडांवर किडे असे किर्र करत होते की मावशीचं बोलणं ऐकायला मला तिच्याजवळ जावं लागत होतं. कुठेतरी सुतारपक्षी टकटक करत होता. आम्ही तिच्या सुनेबद्दल बोलत होतो.

आणि एका बाजूची किरकिर बंद झाली. नेमकी उजव्या हाताची. डावीकडे ती चालूच होती.

मावशी थांबली. मी म्हटलं, "काय झालं?"

"चूप. ऐकू दे."

डोक्यावरच्या झाडातून वानर खेकसलं. खक्, खक्, खक्. नेहमीचा हुपहुपाट नव्हता तो, कोरड्या खोकल्यासारखा आवाज होता. दूरवर चितळानं शिट्टीसारखी हाक दिली, लगेच दुसरी. मग उजवीकडच्या बांबूतून एक आवाज आला. मोठा नव्हता. कोणी रिकाम्या रांजणात तोंड घालून कण्हावं तसा. आऽऊं. तो कानांआधी मला पोटात जाणवला.

"मावशी, वाघ काय?"

"हौ. पण थांब. हाक मारून राह्यली ते."

कोणाला हाक, हे विचारायची वेळच आली नाही. डावीकडच्या गवतातून उत्तर आलं. मांजरीच्या पिलासारखं, पण जाड आणि घोगरं. एक, मग दुसरं. अगदी जवळ, वीस-पंचवीस पावलांवर.

आई उजवीकडे, पिलं डावीकडे आणि मधे आम्ही.

मावशीनं माझं मनगट धरलं. "पळू नोको, सिस्टरबाई. पाठ दाखवू नोको. मागं मागं सरक, जिकून आलो तिकूनच."

उजवीकडून पुन्हा हाक आली, आणि या वेळी जवळून. बांबू कडकन मोडला. मी मनगट हिसडून घेतलं आणि पळाले. डबा खांद्यावरून कधी घसरला ते कळलं नाही. काटे लागत होते, कानांत माझाच श्वास भरला होता. मागे एक म्हातारी होत चाललेली, गुडघेदुखीची बाई आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. तरी मी थांबले नाही.

नाल्याच्या दगडांत पाय अडकून पडले, तेव्हा मागून आवाज आला. मावशीचा. ती मोठ्यानं, सावकाश बोलत होती, जणू शेजारणीशी बोलावं तशी. "जाऊन राह्यलो बाई आमी. तुझे लेकरं तुले. जाऊन राह्यलो." मग गुरगुर ऐकू आली. एकच. पत्र्यावरून दगड ओढावा तशी. मी दोन्ही कानांवर हात दाबले. काढायची हिंमत झाली नाही, कारण पुढे काय ऐकू येईल ते मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

खांद्यावर हात पडला तेव्हा मी किंचाळले. मावशी होती. घामानं निथळलेली, ओठ पांढरे पडलेले. डोक्यावर लसीचा डबा.

"डबा काहून टाकला? लेकराईची दवा हाय थे."

आम्ही कितीतरी वेळ नाल्याच्या दगडांवरच बसून राहिलो. वानरं गप्प झाली. मग उजवीकडचे किडे हळूहळू पुन्हा किर्र करू लागले, आधी एक, मग सगळे. मावशी म्हणाली, "गेली." लांबचा फेरा घालून आम्ही टोल्यावर पोचलो. पहिल्या तीन बाळांना सुई देताना मावशीनं माझं कोपर खालून धरून ठेवलं.

पुढचा महिना येईपर्यंत मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. बदलीचा अर्जही लिहून ठेवला होता. पुन्हा टोल्यावर जायच्या दिवशी जीपमधून उतरल्यावर शेवटी बोलले, "मावशी, मी तुले सोडून पळाली."

ती पदर खोचत होती. "मी बी पळालती एकडाव. अस्वल होतं. सासूले सोडून."

"मंग? सासू काय म्हणली?"

"काई नाई. चार दिवस बोलली नाई माह्याशी. मंग बोलली."

समोर नाला होता. पलीकडे किर्र चालू होती आणि ती कधी थांबेल या धास्तीनं मी कान लावून होते. मी तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं. तिनं ते सोडवून घेतलं नाही. आम्ही पाण्यात उतरलो.